सेफिक्झिमला चिठ्ठी का मागतात?

प्रश्न असा आहे: वास्कोच्या फार्मसीत सेफिक्झिम 200 हे अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिलं नाही, मडगावात मुकाट्याने दिलं, मग हे नियम आले कुठून आणि त्यांचा उपयोग तरी काय?

मडगाववाल्याने कायदा मोडला, हे आधी सांगून टाकतो. ‘बाजूचो दिता मरे!’ (शेजारचा देतो की!) हे काउंटरवर ऐकून कान किटलेत. सेफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू आहे. सुरुवातीला तिच्यात 46 औषधं होती: पुढच्या पिढ्यांची सेफॅलोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम ही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम-झोल्पिडेमसारख्या चिंतेवरच्या आणि झोपेच्या गोळ्या. स्ट्रिपवरचं लाल ‘आरएक्स’ आणि लाल चौकट ही याच यादीची खूण. अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिक्स मात्र साध्या शेड्यूल एचमध्ये. चिठ्ठी त्यांनाही लागते, पण वेगळं रजिस्टर लागत नाही, म्हणून ती खिरापतीसारखी वाटली जातात.

एच-वनच्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची, तीही औषध देतानाच, रात्री शटर ओढल्यावर आठवून नव्हे. रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. आमच्याच धंद्यातले लोक याला कारकुनी म्हणतात. त्यांच्याशी माझा हा वाद जुना आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

1937 साली अमेरिकेत मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड या जंतुनाशकाचं पातळ औषध काढलं. पावडर नीट विरघळावी म्हणून त्यांच्या केमिस्टने ती डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात घातली, वर रासबेरीचा स्वाद. चव, वास, रंग तपासले. विषारी आहे का ते तपासलं नाही, कारण कायदा तसं मागतच नव्हता. मूत्रपिंडं निकामी होऊन शंभरावर माणसं गेली, त्यात मुलं बरीच. माल जप्त करायला सरकारच्या हाती कारण उरलं ते असं: ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोलमधलं औषध म्हणून विकलं आणि आत अल्कोहोल नाही, सबब लेबल खोटं! बनलेल्या 240 गॅलनांपैकी 234 गॅलनांच्या वर माल तरीही परत मिळवला. विक्रीची बिलं, दुकानांतल्या चिठ्ठ्या, डॉक्टरांच्या नोंदी चाळून निरीक्षक घरोघर गेले. जिथे पत्ता लिहिलेला नव्हता तिथे विचारत फिरावं लागलं. 1938 चा अमेरिकन कायदा, म्हणजे आधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा आणि मगच विका, तो यातून आला.

आपल्याकडे 1930 साली औषधांच्या चौकशीसाठी कर्नल चोप्रांची समिती बसली आणि 1940 साली ड्रग्ज अ‍ॅक्ट झाला. गोव्यात तो मुक्तीनंतर लागू झाला. तरी 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच ग्लायकॉल ग्लिसरीनमधून आलं आणि 14 रुग्ण दगावले. चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने तिथल्या औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. 2022 साली आफ्रिकेतल्या गाम्बियात मुलांच्या सिरपमध्ये पुन्हा तेच. कारणही तेच ते: औद्योगिक दर्जाचं ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधी म्हणून पिंपात येतं आणि कारखाना प्रत्येक पिंप न तपासता पुरवठादाराच्या कागदावर विसंबतो. या विषारी ग्लायकॉलची मर्यादा 0.10 टक्का आहे, गॅस क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या चाचणीत ते पकडता येतं. तपासायचं मनावर घ्यायला हवं, इतकंच.

आता कारकुनीवाल्यांना विचारतो: उद्या एखादी बॅच परत मागवली तर स्ट्रिप कुणाच्या घरी आहे हे कसं सांगणार? एच-वनच्या नोंदीत कायदा बॅच नंबर मागत नाही, तो बिलावर जातो. मी रजिस्टरातच बॅच आणि फोन असे दोन रकाने आखून घेतलेत. गिऱ्हाईकामागे अर्धं मिनिट जातं.

तुम्ही काय करायचं? चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरची सही, तुमचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण गोळ्या आहेत का पाहा. ‘पाच दिवस’ असं मोघम लिहिलेलं असेल तर भांडण आमच्याशी नको, डॉक्टरशी करा. औषध दिल्यावर फार्मसीने चिठ्ठीवर आपलं नाव-पत्ता आणि तारीख टाकायला हवी, कारण डॉक्टरने वेगळं लिहिलं नसेल तर ती एकदाच चालते. शेड्यूल एचमध्ये ब्रँड परस्पर बदलून देण्याचीही आम्हाला मुभा नाही. स्वस्त जनरिक हवं तर डॉक्टरला तसं लिहायला सांगा. परदेशी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पर्यटकांनाही इथल्या नोंदणीकृत डॉक्टरकडे जावं लागतं, मग कळंगुटला कितीही हुज्जत घाला.

एक मान्य करतो: चिठ्ठी घेतल्याने गोळीचा दर्जा सुधारत नाही, ते काम कारखान्यातल्या तपासणीचं. आणि प्रमाणपत्र भाड्याने देऊन घरी बसणारे फार्मासिस्ट असतील तिथे माझं रजिस्टरपुराण फुकट. अशा फार्मसीची तक्रार बांबोळीला, अन्न व औषध प्रशासन संचालनालयात करा. सोबत बिल जोडा. मडगाववाल्याने बिल दिलं होतं का?