एकच हिट देऊन पिचर हरू शकतो का?

प्रश्न: बेसबॉलमध्ये पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पूर्ण सामन्यात एकच हिट (बॅटरने चेंडू मारून बेस गाठणं) दिली तरी तो हरू शकतो का? आणि हरला तर ती हार त्याच्याच नावावर लागावी का?

हरू शकतो. शिकागो कब्सचा पिचर बॉब हेंडली हरला. 9 सप्टेंबर 1965, डॉजर स्टेडियम, लॉस एंजेलिस. डॉजर्स 1, कब्स 0.

समोर डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स होता. 27 बॅटर आले, 27 आउट, त्यातले 14 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद. परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचला नाही. जो तो तेवढंच सांगतो. हेंडलीने दिलेली एकमेव हिट डॉजर्सच्या लू जॉन्सनने सातव्या इनिंगमध्ये काढली, पहिल्या बेसवर फील्डिंग करणाऱ्या कब्सच्या अर्नी बँक्सच्या मागे अलगद पडलेला चेंडू, आणि तिच्यावर रन झालाच नाही! रन आधीच, पाचव्या इनिंगमध्ये येऊन गेला होता, एकही हिट नसताना. जॉन्सनला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडले म्हणून फुकटचा पहिला बेस. रॉन फेअर्लीच्या बंटवर (बॅटने हळूच थोपवलेल्या चेंडूवर) तो दुसऱ्या बेसला गेला. मग त्याने तिसरा बेस चोरला (कुणी चेंडू न मारताच पळून गाठला), कब्सचा कॅचर, म्हणजे बॅटरमागचा कीपर, ख्रिस क्रुगचा थ्रो लेफ्ट फील्डमध्ये गेला आणि जॉन्सन होमला आला, म्हणजे रन झाला. स्कोअरकार्डवर ती चूक कॅचरच्या नावावर आहे. हार मात्र हेंडलीच्या.

आम्ही शिकागोजवळ राहतो, घरात सगळे कब्सवाले. माझा मोठा भाऊ धुळ्याहून आला होता तेव्हा जेवताना मी त्याला ही मॅच सांगितली. तो म्हणाला, "अरे, हरला तो हरला. बोर्डावर काय लिहिलंय ते बघ."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गल्लीच्या टीमचा कप्तान दादाच. शेजारच्या कॉलनीशी मॅच, शेवटची ओव्हर माझ्याकडे. सोपा कॅच सुटला, सोडणाऱ्याने घाईत चेंडू कीपरच्या डोक्यावरून फेकला आणि ते त्यावर पळून जिंकले. घरी आल्यावर दादाने आईला सांगितलं, "यानेच घालवली." ताटावर बसलो होतो, हातातला घास तसाच राहिला. कॅच सोडणारा दादाचा जिवलग मित्र होता, त्याचं नाव कुणी काढलं नाही. मला ते आजही पटलेलं नाही.

म्हणून त्या रात्री मी कागद घेतला आणि पाचवी इनिंग चौकटीचौकटीने काढून दादासमोर ठेवली. यात हेंडलीने नेमकं काय करायला हवं होतं, सांग. दादा म्हणाला, वॉक द्यायला नको होता. बरं. एका वॉकवर माणसाची अख्खी रात्र मातीत घालायची? आणि बॅटिंगचं काय? रॉन सँटो, बिली विल्यम्स आणि बँक्स, कब्सचे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेलेले, त्यांना मिळून एक रन काढता आला नाही. बँक्स तर तीनदा स्ट्राइकआउट झाला. नवव्या इनिंगमध्ये शेवटची बॅटिंग हेंडलीच्या जागी हार्वी कीनला दिली. तोही स्ट्राइकआउट.

माझं सरळ मत: पिचरच्या नावावर जय-पराजय लावणं हा अन्याय आहे. कुणाला जोखायचं असेल तर स्कोअरकार्ड स्वतः हाताने भरा. प्रत्येक रन कशाने आला हे त्यात दिसतं, आणि मग "यानेच घालवली" म्हणायला जीभ रेटत नाही.

हेही सांगायला हवं की त्या रात्री कोफॅक्स हेंडलीपेक्षा सरसच होता, याबद्दल वाद नाही. कोपराचा संधिवात सोसत तो खेळत होता, आणि पुढच्याच वर्षी तिशीत निवृत्त झाला. पूर्ण मोसमाचा हिशेब असेल तर जय-पराजयाच्या आकड्यावरून थोडाफार अंदाज येतो, हेही खरं. एका सामन्यापुरता तो आकडा काही कामाचा नाही.

आणि दादा, तू हे वाचशीलच. पाच दिवसांनी, 14 सप्टेंबरला, कब्सच्या रिग्ली फील्ड मैदानावर हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. कब्स 2, डॉजर्स 1. जिंकणारा पिचर हेंडली. तेही बोर्डावर लिहिलेलं आहे.