ठिपके काढण्याआधी

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगी पाचवीत आहे. २७ मे ते ३ जून या राष्ट्रीय सलोखा सप्ताहासाठी तिच्या वर्गाला अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाविषयी प्रकल्प करायचा असून, ठिपक्यांची चित्रे काढून भिंत सजवण्याचे मुलांनी ठरवले आहे. पालक म्हणून आम्ही काय सुचवावे?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : मुलांचा उत्साह मोलाचा आहे, पण ठिपके काढणे टाळावे. ज्या शैलीची नक्कल ती करू पाहतात, ती १९७१ पासून मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथे रंगफळ्यांवर उतरली आणि तिच्यातल्या कित्येक आकृत्यांमागे त्या त्या कुळाच्या पवित्र कथा आहेत. मेलबर्नचा मोठा भाग ही वुरुंडजेरी या मूळ रहिवासी लोकांची भूमी. त्यांची चित्रपरंपरा निराळी, मुख्यतः रेषांची. वारली चौक लग्नघराबाहेर पडून कपबशीवर छापला गेला की आपल्याला जे खटकते, तेच इथेही लागू आहे.

त्याऐवजी शाळेच्या आवारात मर्नाँग लावता येईल का, हे शिक्षकांना विचारावे. या रोपाची कळी मान खाली घालून असते, उमलताना ती ताठ होते आणि पिवळे फूल दिसते. मातीखालचा गोडसर कंद हे इथल्या लोकांचे रोजचे अन्न होते आणि बायका टोकदार काठीने तो खणून काढत. १८३५ नंतर वसाहतवाल्यांच्या मेंढ्यांनी ही कुरणे फस्त केली, तेव्हा भूमीबरोबर ताटातला घासही गेला. जमीन हिरावली म्हणजे काय झाले, हे दहा वर्षांच्या मुलाला याहून सोपे करून सांगता येईल, असे मला वाटत नाही.

मात्र वाफा खणण्यापूर्वी वुरुंडजेरी समाजाच्या संस्थेशी बोलावे, तेथील ज्येष्ठांना बोलवायचे असल्यास त्यांच्या वेळेचे मानधन शाळेने आधीच ठरवावे. पाहुण्यांचे भूमीवर स्वागत करण्याचा अधिकार त्या भूमीच्या लोकांचाच आहे. भूमीच्या मूळ रक्षकांचे स्मरण मात्र कोणीही करू शकते, आपली मुलगीसुद्धा, आणि घरी तिने ते मराठीत केले तरी चालेल.

सप्ताहाच्या तारखांचा अर्थही तिला सांगावा : २७ मे हा १९६७ च्या सार्वमताचा दिवस, ज्यात अ‍ॅबोरिजिनल लोकांना देशाच्या जनगणनेत धरण्याच्या बाजूने कौल मिळाला; ३ जून हा १९९२ च्या माबो निकालाचा, ज्यात उच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क मान्य केला. मर्नाँग फुलेल ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. तोवर सप्ताह केव्हाच उलटून गेलेला असेल, म्हणून रोपांना पाणी कोणी घालायचे, याची पाळी वर्गाने आताच लावून ठेवावी.