इलेक्ट्रॉनच्या प्रवाहावरून भट्टीचे तापमान मोजता येईल का?

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी निर्वात भट्टीवर काम करतो. तापमान २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेले तापमापक) वारंवार बदलावे लागतात. तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तर त्या प्रवाहावरूनच तापमान का मोजू नये?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तत्त्वतः मोजता येईल, आणि आपली कल्पना खरोखर विचार करण्याजोगी आहे. धातूतून सुटण्यासाठी इलेक्ट्रॉनला लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे ‘वर्क फंक्शन’, टंगस्टनच्या बाबतीत सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तापलेल्या धातूतून किती इलेक्ट्रॉन सुटतात, हे सांगणाऱ्या ज्या नियमासाठी ओवेन रिचर्डसन यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यानुसार स्वच्छ टंगस्टनच्या एका चौरस सेंटिमीटरमधून २००० केल्व्हिनला (सुमारे १७२७ अंश सेल्सिअस) जेमतेम १ मिलिअँपिअर, तर २५०० केल्व्हिनला (सुमारे २२२७ अंश सेल्सिअस) सुमारे ३०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तिथे तापमान एका टक्क्याने वाढले, तरी प्रवाह जवळजवळ पाव हिश्शाने वाढतो.

घोडे अडते ते पृष्ठभागापाशी. रिचर्डसन यांच्या नियमात तापमान ज्या घातांकात येते, त्याच घातांकात वर्क फंक्शनही बसलेले असल्यामुळे ते अवघ्या ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटले, तर २५०० केल्व्हिनला प्रवाह दीडपटीहून अधिक होतो आणि आपले तापमान सुमारे ५० केल्व्हिनने चुकते. एवढा फरक पडायला परक्या अणूंचा एक विरळ थरही पुरतो. घरातली जुनी ट्यूबलाइट काढून तिची काळवंडलेली टोके पाहावीत. आतल्या तारेवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो, म्हणूनच ती कमी तापमानालाही भरपूर इलेक्ट्रॉन देते. लेप झडला, की तार शाबूत असूनही ट्यूब फडफडू लागते. आपल्या भट्टीत तर धातूंची वाफ आणि उरलेले वायू सतत फिरत असतात. शिवाय इलेक्ट्रॉन गोळा करणारा विद्युतदाब कमी पडला, तर तारेभोवती साचलेला इलेक्ट्रॉनांचा ढगच पुढच्यांना अडवतो, आणि त्या उष्णतेत विद्युतरोधकांतूनही प्रवाह झिरपतो.

म्हणून माझा कौल प्रारणावरून, म्हणजे तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाश-उष्णतेवरून, तापमान मोजण्याला आहे. आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीही ९६१.७८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे चांदीच्या गोठणबिंदूच्या वर प्लँकच्या प्रारण-नियमावरच आधारलेली आहे. आपल्या भट्टीला दोन तरंगलांबींवर प्रारण मोजणारा पायरोमीटर लावावा, आणि पाहण्याच्या काचेवर धातूची वाफ बसते, ती नियमाने पुसावी.