घरचा अभ्यास : ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ का लिहिते?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकते. ‘त्रेपन्न’ सांगितले की ती ३५ लिहिते आणि ‘एकोणचाळीस’ सांगितले की ४९. शाळेत बाई मुलांकडून ‘पन्नास तीन, त्रेपन्न’ असे म्हणवून घेतात. सासूबाईंना ते पसंत नाही. त्या रोज संध्याकाळी तिच्याकडून एक ते शंभर पाठ म्हणवून घेतात. पाठ तिला आहे, पण लिहिताना चुकते आणि शेवटी रडारड होते. घरी नेमके काय करावे?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आपली मुलगी जे ऐकते तेच क्रमाने लिहिते आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मराठीत संख्येचे नाव घेताना बहुधा एकक आधी येतो आणि दशक मागून, तर लिहिताना डावीकडे दशक आधी मांडावा लागतो. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू आला, म्हणून तिने तो आधी लिहिला. एकोणचाळीसची अडचण याहून अवघड आहे. तेथे कानावर चाळीस पडतो आणि कागदावर तीस उतरवायचा असतो. ‘एकोण’ आले की नऊ लिहायचा, एवढेच ज्या मुलाला कळले आहे ते ४९ लिहिणारच. शिवाय सत्तरचे ‘बहात्तर’मध्ये आणि साठचे ‘बासष्ट’मध्ये रूप इतके बदलते की त्यातला दशक लहान मुलाला चटकन ओळखूही येत नाही.

बाईंच्या पद्धतीमागे हेच कारण आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी मांडणी आली तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या वेळी ही मांडणी मुलांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले होते, आणि पुस्तकात रूढ संख्यानामेही होतीच. शेजारच्या कन्नडमध्ये वीसच्या पुढच्या संख्या दशक आधी घेऊनच बोलल्या जातात. माझ्या मते ‘पन्नास तीन’ ही त्रेपन्नपर्यंत नेणारी पायरी आहे, त्रेपन्नची जागा घेणारे नाव नव्हे. म्हणून ‘शाळेत काहीतरी भलतेच शिकवतात’ असे मुलीसमोर कोणीही म्हणू नये. दोन मोठ्या माणसांपैकी एकाला खोटे ठरवण्याची पाळी तिच्यावर आली, तर ती संख्येकडे न पाहता आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देऊ लागेल.

घरी वही काढण्याआधी पैसे काढावेत. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी पुढ्यात ठेवून ‘त्रेपन्न रुपये दे’ असे सांगावे आणि गप्प राहून पाहावे. तिने पाच नोटा आणि तीन नाणी दिली, तर संख्या तिला कळली आहे, फक्त लिहिण्याचा क्रम चुकतो आहे. अशा वेळी नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे मांडून त्यांच्याखालीच अंक लिहायला सांगावे. ‘पन्नास तीन, त्रेपन्न’ हे बाईंचे म्हणणे तेथे आपोआप उपयोगी पडते. मात्र तिने तीन नोटा आणि पाच नाणी पुढे केली, तर दशक-एककाची समजच कच्ची आहे. तसे असेल तर लिहिणे काही दिवस बाजूला ठेवून खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधणे आणि सोडणे यांवरच वेळ घालवावा.

एकोणचाळीससाठी तिच्यापुढे चार नोटा ठेवाव्यात आणि ‘यातला एक रुपया मला दे’ असे सांगावे. सुटे नाणे नसल्यामुळे ती अडेल. तिला अडू द्यावे. एक नोट मोडून दहा नाणी घ्यावी लागतील, हे तिला स्वतःला सुचले की समोर तीन नोटा आणि नऊ नाणी उरतात आणि चाळीसला एक कमी असताना ३ का लिहायचा, ते दिसते. पुढे ५२ मधून २७ वजा करताना दशक सुटा करावा लागतो तो हाच. त्यामुळे या खेळात गेलेला वेळ पुढच्या अभ्यासात भरून निघतो.

सासूबाईंचे पाठांतर थांबवू नये. रूढ नावे बाजारात, बसमध्ये, घरात सगळीकडे लागतात आणि ती आजीच्या तोंडून ऐकून जितकी पक्की होतात तितकी पुस्तकातून होत नाहीत. फक्त पाठ म्हणणे आणि लिहिणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत नकोत. लिहिण्यासाठी रोज वेगवेगळ्या दशकांतील चार-पाच संख्या पुरेत. चुकलेली संख्या खोडायला लावण्याऐवजी ‘एवढे पैसे मांडून दाखव’ म्हणावे.

ती फळ्यावरून उतरवतानाही अंक उलटसुलट करत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. महिना-दोन महिने असा सराव करूनही फरक पडला नाही, तर वही घेऊन बाईंना भेटावे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत मिळू शकते का, हे त्या पाहू शकतील.

प्रश्न : मुलगा चौथीत सेमी-इंग्रजीला आहे. गणित इंग्रजीतून असल्यामुळे आम्हा दोघांना शिकवता येत नाही. शिकवणी लावावी का?
— एक वडील, जालना

उत्तर : केवळ एवढ्या कारणासाठी लावू नये. उदाहरण इंग्रजीत असले तरी त्यातला विचार मराठीत करता येतो. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचू द्यावे आणि मग ‘यात काय दिले आहे, काय काढायचे आहे, ते मला मराठीत सांग’ असे विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर अडचण गणिताची नसून वाचनाची असण्याचा संभव अधिक. न समजलेला शब्द त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावा. आपल्याला उत्तर ठाऊक नाही, हे त्याच्यापासून लपवण्याचे कारण नाही. वडिलांना समजावून सांगताना मुलाला आपली चूक पुष्कळदा आपणच सापडते. सामानाची यादी, दुधाचा महिन्याचा हिशेब, एसटीच्या तिकिटाचे सुटे पैसे हे सारे मराठीत त्याच्याकडे सोपवावे आणि त्याने काढलेली बेरीज दुसऱ्या पद्धतीने त्याच्याकडूनच पडताळून घ्यावी.