"मॅडम, चॅप्टर जवळजवळ झालाय"

"चॅप्टर तसा झालाय, मॅडम. फक्त एकदा हात फिरवायचा राहिलाय."

पीएचडी करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य ऐकायला मिळतंच, विषय कुठलाही असो. इतिहासवाला ते चिडून सांगतो, रसायनशास्त्रवाली रडकुंडीला येऊन. हॉटेल आणि पर्यटन व्यवस्थापनात संशोधन करणारे मात्र हसऱ्या चेहऱ्याने सांगतात. जणू मी रिसेप्शनसमोर बॅग घेऊन उभी आहे आणि माझी खोली तयार व्हायला पाचच मिनिटं लागणार आहेत. ते हसू दिसलं की मी सावध होते.

यातल्या बहुतेकांची कुंडली एकच असते. आठ-दहा वर्षं हॉटेलात, विमान कंपनीत किंवा टूर कंपनीत नोकरी, मग शिकवण्याकडे ओढा, शिकवायचं तर डॉक्टरेट हवी म्हणून नोंदणी, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी गाडी चिखलात. प्रश्नही एकच: "चौदा-चौदा तास उभं राहून काम केलंय मी. मग वीस पानं का लिहून होत नाहीत?" मला याचं समाधानकारक उत्तर बरेच दिवस सापडत नव्हतं. ते एका बाईंनी दिलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून लिहिते आहे.

वय अडतीस. फ्रंट ऑफिसमध्ये ११ वर्षं, त्यातली शेवटची तीन मॅनेजर म्हणून. संशोधनाचा विषय: रिसेप्शनवरची माणसं मनातलं मनात ठेवून दिवसभर हसतात, त्याची त्यांना काय किंमत मोजावी लागते. २६ मुलाखती घेऊन, टाइप करून, रंगीत खुणा करून तयार. आणि मार्गदर्शकांना चौदा महिन्यांत एक पानही दाखवलेलं नाही. फोन आला की "लवकरच देते सर", आणि मग दोन दिवस पोटात गोळा.

पहिल्या भेटीत बसायच्या आधी त्यांनी खुर्चीवरची उशी सरळ केली. बोलता बोलता टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्या हाताला येईल असा सरकवला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाल्या, "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स." आम्ही दोघीही हसलो. मी मात्र ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

"आहे तसं पाठवलं तर काय होईल?"

"सरांचा वेळ जाईल."

"आणि?"

"त्यांना वाटेल, हिला एवढंही येत नाही."

"वाटलं तर?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मॅडम, अकरा वर्षांत माझ्या नावावर एकही लेखी कम्प्लेंट नाही."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. त्यामुळे माझा कान माणसाच्या बोलण्यातल्या 'च'वर असतो. काम चांगलं व्हावं, ही इच्छा झाली. काम चांगलं झालंच पाहिजे आणि नाही झालं तर मी कुचकामी, ही सक्ती. हे मी त्यांना सविस्तर समजावलं, गृहपाठ दिला. पुढच्या खेपेला तो इतका देखणा करून आणला होता की मीच खूश झाले. रकाने, समास, वर तारीख. घरी जाताना लक्षात आलं, या बाई मलाही सर्व्हिस देताहेत! चॅप्टर तिथेच होता. दोन भेटी मी अशा घालवल्या, हे कबूल करायला हवं.

चौथ्या भेटीत मी 'च' बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, "तुम्ही किचनमध्ये होतात का कधी?"

"ट्रेनिंगला. सहा महिने."

"काय शिकलात?"

"सॉस जाळायला." पहिल्यांदाच खरं हसल्या.

"मग शेफना कधी दाखवायचात?"

"दाखवायचं काय त्यात? सारखा चमचा घेऊन जायचं. मीठ बघा, दाटपणा बघा. ते चाखायचे, तोंड वाकडं करायचे, 'अजून आटव' म्हणायचे. की परत गॅसपाशी."

"पूर्ण झाल्यावर नेत नव्हतात?"

"पूर्ण झाल्यावर चाखून काय उपयोग? तोवर तर..."

आणि थांबल्या. मीही काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायला शिकण्यात माझी उमेदीची बरीच वर्षं गेली आहेत. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

"मी सरांना टेबलावर बसवलंय," त्या हळूच म्हणाल्या. "गेस्ट करून. आणि ते बिचारे केव्हाचे किचनच्या दाराशी उभे आहेत."

त्या दिवशी मला जे उमगलं ते मी तोवर कुठे वाचलेलं नव्हतं. पाहुण्यांच्या सेवेचा सगळा व्यवसाय एका झुलत्या दारावर उभा असतो. दाराच्या आत घाम, ओरडा, सांडलवंड. दाराबाहेर इस्त्री आणि स्मितहास्य. आतलं बाहेर दिसू न देणं हीच तिथली कारागिरी, आणि ती अंगी मुरायला वर्षं लागतात. प्रबंध हे मात्र चार-पाच वर्षं निव्वळ आतलं काम. तिथे बाहेरची बाजू नसतेच, ती शेवटच्या दिवशी लागते. म्हणजे ही माणसं आळशी नव्हेत की कमी बुद्धीची नव्हेत. ज्या सवयीने त्यांना बढत्या मिळवून दिल्या, तीच इथे आडवी येते.

गंमत अशी की त्यांच्याच प्रबंधात हे सगळं होतं. १९८३ साली समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सुंदरींच्या हसण्याचा अभ्यास करून 'भावनिक श्रम', म्हणजे नोकरीचा भाग म्हणून भावना आवरण्याची मेहनत, ही कल्पना मांडली. बाईंच्या दुसऱ्या चॅप्टरचा तो कणा. मी विचारलं, "तुमची सत्ताविसावी मुलाखत कुणाची घ्याल?" त्यांनी स्वतःकडे बोट केलं.

मग प्रयोग ठरला. तीन पानं पाठवायची. वर मोठ्या अक्षरात 'कच्चं' असं लिहायचं. मेलमध्ये एकच नेमका प्रश्न, आणि 'सॉरी' हा शब्द कुठेही नाही. पाठवण्यापूर्वी, सर काय म्हणतील याचा अंदाज कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचा. त्यांनी लिहिलं, "निराशा झाली. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." दोन दिवसांनी खरं उत्तर आलं: "दुसरं पान काढून टाका. तिसऱ्यावरचं उदाहरण उत्तम आहे, ते सुरुवातीला घ्या. हे आधी का नाही दाखवलंत?" त्या दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसल्या. दुसरं पान गेल्याचं वाईट वाटलं का, विचारलं. "वाटलं ना. संध्याकाळपर्यंत." माझ्या दृष्टीने हे 'संध्याकाळपर्यंत' खरं यश.

सगळं एवढ्यावर सुटलं नाही. सातव्या भेटीत दुसरी भुणभुण बाहेर आली. घरातले म्हणतात, हॉटेलावर कसली पीएचडी? आणि मुलाखतीही बिनकामाच्या निघाल्या. सगळ्यांनी गोड गोड सांगितलंय. "मॅनेजमेंट छान आहे, गेस्ट छान आहेत." संशोधनाचा सल्ला देणं माझं काम नाही, ते मार्गदर्शकांचं. पण त्या दिवशी राहवलं नाही.

आमच्या मानसशास्त्रात रिचर्ड लापिएर यांचा १९३४ सालचा अभ्यास पहिल्या वर्षालाच शिकवतात. आशियाई लोकांबद्दल अमेरिकेत उघड आकस असतानाच्या काळात ते एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरले. २५१ ठिकाणी गेले, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं धाडली: चिनी पाहुणे घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यांतल्या दहापैकी नवांहून अधिकांनी 'नाही' लिहिलं. माणूस सांगतो ते आणि करतो ते यांत अंतर असतं, हे आम्ही या अभ्यासातून शिकलो. आणि इतकी वर्षं तो सांगताना मला एकदाही जाणवलं नव्हतं की ती २५१ ठिकाणं म्हणजे हॉटेलं, लॉज आणि रेस्टॉरंटं होती. व्यवहाराचा दर्शनी भाग आणि पडद्यामागचा भाग ही कल्पना मांडणारे अर्विंग गॉफमन घ्या. त्यांचा १९५३ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध शेटलंड बेटांवरच्या मुक्कामातून झाला, आणि तिथल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातले वाढपी पाहुण्यांसमोर येताना कसे बदलतात ते त्यांनी पुढे लिहिलं. म्हणजे हॉटेलाने दुसऱ्यांच्या शास्त्रांना एवढं दिलं, आणि हॉटेलवाल्याला मात्र आपल्या विषयाची लाज!

बाईंनी ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. "मॅडम, मी मुलाखती कुठे घेतल्या माहितीय? लॉबीत. युनिफॉर्मवर."

यावर मी काय बोलणार? हे सरांना विचारा, एवढंच म्हटलं. पुढे सरांच्या संमतीने आणि त्या कर्मचाऱ्यांची नव्याने परवानगी घेऊन सहा जणांशी शिफ्ट संपल्यावर, साध्या कपड्यांत, परत बोलणं झालं. जुनी गोड उत्तरंही फेकली नाहीत. दोन्ही शेजारी ठेवली आणि त्या फरकाचाच एक चॅप्टर झाला.

असंच अडकलेल्यांसाठी थोडं. पान चांगलं झालं की पाठवू, असं ठरवू नका, तारीख ठरवा आणि त्या दिवशी जे असेल ते पाठवा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, तो फीडबॅक फॉर्मचा प्रश्न आहे. 'या दोन मुद्द्यांचा क्रम पटतो का?' असं विचारा, म्हणजे उत्तर कामाबद्दल मिळेल, तुमच्याबद्दल नाही. मार्गदर्शकांना भेटताना एक न सुटलेली अडचण मुद्दाम बरोबर न्या. शिफ्ट करून संशोधन करणाऱ्यांनी सुट्टीच्या पूर्ण दिवसाची वाट पाहू नये. तो दिवस झोपेत जातो, आणि जायलाच हवा.

बऱ्याच जणांची माहिती २०२० च्या उंबरठ्यावर गोळा झालेली आहे. २०१९ मध्ये जगात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, पुढच्याच वर्षी त्यांत ७० टक्क्यांहून जास्त घट झाली, आणि "माझा प्रबंध शिळा झाला" म्हणत माणसं कोसळली. शिळा झाला की 'आधीचं चित्र' म्हणून उपयोगी ठरला, हे एकट्याने रात्री दोन वाजता ठरवण्यासारखं नाही. तेही चमच्यात घ्या आणि दाखवा.

काही मार्गदर्शक खरोखरच अपमान करतात, महिनोन्महिने वाचत नाहीत. तिथे चमचा चालत नाही. भेटींच्या तारखा लिहून ठेवा, विभागप्रमुखांशी किंवा संशोधन समितीशी बोला. आणि दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, भूक गेली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल तर प्रबंध राहू द्या, आधी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

बाईंचा प्रबंध अजून जमा झालेला नाही. मुदतवाढ घेतली आहे, मधे एकदा तीन आठवडे पुन्हा गाडी अडली होती. परवा रात्री मेसेज आला: "आज अकरा पानं गेली. शुद्धलेखनही तपासलं नाही."

मिनिटभराने दुसरा: "खोटं. एकदा तपासलं."