फुकटचं एमबीबीएस आणि सात वर्षं

‘ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. मुलीची नीटची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे. यांचं म्हणणं, पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्याचं वैद्यकीय कॉलेज मिळालं तर फीचा प्रश्नच मिटला. नाहीतर अभिमत विद्यापीठासाठी घर गहाण टाकावं लागेल. पण पुढे सात वर्षं सैन्यात नोकरी करावी लागते म्हणे. मग लग्न कधी करायचं? मुलगी विचारलं की “तुम्ही म्हणाल तसं” म्हणते.’
— एक आई, ऐरोली

ताई, लग्नाचं आधी सांगून टाकते. शिकत असताना लग्न करता येत नाही, नोकरीत लागल्यावर येतं. सैन्यातल्या डॉक्टर मुलींचे संसार होतात, पोरंबाळंही होतात. ती काळजी सोडा.

मला खटकलं ते मुलीचं “तुम्ही म्हणाल तसं”. एएफएमसीत फी माफ असते ती गरीब-श्रीमंत बघून नाही, तर पुढच्या नोकरीच्या बदल्यात. सात वर्षं हे शॉर्ट सर्व्हिसचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीचं झालं. कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे कायमची अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली तर तेवढ्यावर सुटका होईलच असं नाही. पोस्टिंग कुठं, पुढचं शिक्षण कधी, हे सैन्य ठरवणार. अधेमधे सोडायचं म्हटलं तर बाँडचे पैसे लाखांत भरावे लागतात. ज्या मुलीला गणवेशाची ओढ आहे तिच्यासाठी याहून चांगली वाट नाही. जी फक्त बाबांचं घर वाचवायला जाईल, ती पहिल्या बदलीलाच मनातून खचेल.

आणि प्रवेश काही हातचा नाही. एकूण दीडशे जागा, त्यात मुलींना अख्ख्या देशातून 30. नीटच्या मार्कांवर बोलावणं आलं तरी पुण्यात इंग्रजी आणि तर्कबुद्धीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी असते. एमसीसीच्या (वैद्यकीय प्रवेश बघणाऱ्या केंद्रीय समितीच्या) संकेतस्थळावर एएफएमसीसाठी वेळेत नोंदणी करावी लागते, ती राहिली तर मार्क कितीही असोत, उपयोग नाही.

यांना एक विचारा: एएफएमसी नाहीतर गहाणखत, असे दोनच रस्ते कुणी सांगितले? राज्याच्या कोट्यातली सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं आहेत, कळव्याचं राजीव गांधी तर तुमच्या शेजारीच. अभिमत विद्यापीठांच्या मानाने तिथली फी फारच कमी. बाँड तिथंही आहे, पण एका वर्षाच्या सेवेचा, नाहीतर 10 लाख भरायचे. शिवाय बाहेरून एमबीबीएस करूनही शॉर्ट सर्व्हिसवर सैन्यात जाता येतं. म्हणजे आवड नंतर लागली तरी दार उघडं आहे.

आता मुलीला एकटीला गाठा. हे घरात नसताना. विचारा, “फी दोन्हीकडे सारखीच असती, तर तू कुठं गेली असतीस?” आणि ती बोलेपर्यंत मधे बोलू नका. पुण्याचं नाव आलं तर आजच नोंदणीच्या तारखा बघून ठेवा. नाही आलं, तर यांना समजवायचं काम तुमचं. त्या 30 जागांतली एक, जिला खरंच जायचंय तिला मिळू दे.