वरचे अन्न सुरू केल्यावर बाळाची शी बदलते
ताई, सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू केले की बाळाची शी घट्ट होते, तिला वास येऊ लागतो आणि रंगही बदलतो. माझ्या मुलीच्या लंगोटात केळ्याचे काळे दोरे दिसले, तेव्हा मला ते जंतच वाटले होते. गाजराचे तुकडे जसेच्या तसे पडले, तरी घाबरू नका. सुरुवातीची मोठी चूक म्हणजे घाई: नवा पदार्थ दोन-तीन चमचेच द्यावा आणि तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नये, म्हणजे काय सोसत नाही ते कळते. शी खड्यासारखी झाल्यास नाचणीचे सत्त्व पातळ करावे, पण अंगावरचे दूध मुळीच कमी करू नये. वर्षापर्यंत मध चाटवूच नका. शीमध्ये रक्त दिसले किंवा ती पांढरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.